पूर्वीप्रमाणे चालू राहील : गोव्याचा कायदा आणि गोंयकारपण

गोव्यात लग्नाची नोंदणी दोन सह्यांनी होते. नियोजित वधूवर साक्षीदारांसह नागरी निबंधकाच्या कार्यालयात जातात आणि आपण विवाह करू इच्छितो, असे लिहून देऊन पहिली सही करतात. त्यानंतर कोणाची हरकत असल्यास ती यावी म्हणून काही दिवसांची मुदत जाते आणि मग दुसरी सही होते. कायद्याच्या दृष्टीने विवाह पूर्ण होतो तो या दुसऱ्या सहीने. पहिल्या सहीलाच लग्न समजून निर्धास्त राहिलेल्या आणि पुढे फसगत झालेल्या मुलींच्या तक्रारी गोव्यात नव्या नाहीत. या दोन सह्यांच्या आधी आणखी एक गोष्ट ठरवून टाकावी लागते. नवराबायकोची मालमत्ता एकत्र राहणार की वेगळी? लग्नापूर्वी तसा करार केला नसेल, तर कायदा असे धरून चालतो की दोघांचे जे काही आहे आणि पुढे जे काही होईल, ते दोघांचे निम्मेनिम्मे.

महाराष्ट्रातून गोव्यात जमीन घेण्यासाठी जाणाऱ्या माणसाला याचा पहिला अनुभव खरेदीखताच्या वेळी येतो. सातबाराऐवजी तेथे ‘नमुना एक व चौदा’ असतो, हा फरक किरकोळ आहे. मोठा फरक हा की जमीन नवऱ्याच्या नावावर असली तरी विकताना बायकोची सही लागते आणि बायकोच्या माहेरून आलेली असली तरी नवऱ्याची. विकणाऱ्या पाच भावंडांची लग्ने झालेली असतील, तर खतावर दहा सह्या येतात. ‘हा पोर्तुगिजांचा कायदा’ असे आपल्याला सांगण्यात येते आणि विषय तेथेच संपतो. काही जण एक पाऊल पुढे जाऊन ‘देशातला एकमेव समान नागरी कायदा’ असे म्हणत. 2025 पासून उत्तराखंडातही समान नागरी संहिता लागू झाल्याने तेही आता बोलता येत नाही. माझ्या मते ही दोन्ही वर्णने अर्धवट आहेत. गोव्याच्या इतिहासात सत्ता अनेकदा बदलली, परंतु घराचा आणि गावाचा हिशेब ज्या वहीत लिहिला जात होता, ती वही कोणत्याच सत्तेने पूर्ण फाडली नाही. प्रत्येकाने तिच्यात आपली पाने जोडली आणि आधीच्या पानांवर ‘पूर्वीप्रमाणे चालू राहील’ असा शेरा मारला. जेथे हा शेरा मारला गेला नाही, म्हणजे धर्म आणि भाषा यांच्या बाबतीत, तेथे काय झाले हेही पाहावे लागेल, कारण गोव्याच्या माणसाची स्वतःबद्दलची जाणीव या दोन्हींतून घडली आहे.

सुरुवात पोर्तुगिजांपासून होत नाही. कदंब, विजयनगर, बहमनी आणि आदिलशाही अशा राजवटी येत जात असताना गोव्यातील गावे ‘गांवकरी’ या व्यवस्थेने चालत होती. गावाची जमीन कोणा एका जमीनदाराची नव्हती. ज्या मूळ कुळांनी गाव वसवले असे मानले जाई, त्या कुळांच्या म्हणजे ‘वांगडां’च्या पुरुष वंशजांची ती सामाईक मालमत्ता होती. या वंशजांना गांवकार म्हणत. शेते ठरावीक मुदतीसाठी लिलावाने कसायला दिली जात. आलेल्या पैशातून राजाचा महसूल भरायचा, देवळाचा, बांधांचा, गावच्या कामगारांचा खर्च भागवायचा आणि जे उरेल ते गांवकारांमध्ये वाटायचे. या वाट्याला ‘झोण’ म्हणतात.

ही व्यवस्था इतकी टिकाऊ का ठरली, हे कळण्यासाठी खाजन जमिनीकडे पाहावे. मांडवी आणि झुवारी या नद्यांच्या मुखाजवळ भरतीचे खारे पाणी आत येते. तेथे मातीचे बांध घालून शेते काढलेली आहेत आणि ही शेते भरतीच्या पातळीच्या खाली असतात. बांधात एक लाकडी झडपांचे दार असते, त्याला ‘मानस’ म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्याच झडपा ढकलून बाहेर जाते. एका रात्री बांध फुटला तर सगळ्यांच्या शेतात खारे पाणी शिरते आणि पुढे काही वर्षे भात धड पिकत नाही. अशी जमीन एकट्याने राखता येत नाही. तिला सामाईक खजिना लागतो, राखण करणारा माणूस लागतो आणि संकटाच्या वेळी सगळ्यांना हाक मारण्याचा अधिकार असलेली एखादी संस्था लागते. गांवकरी ही परंपरा होती खरी, पण तिच्या मुळाशी समुद्राच्या पाण्याचा हा रोजचा धाक होता. राजा कोणीही असो, बांध राखणाऱ्यांची जागा घेणे त्याला परवडणारे नव्हते.

1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा बेट, म्हणजे आजचा तिसवाडी तालुका जिंकला. महसूल कसा वसूल करायचा, हा नव्या सत्तेपुढचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर 1526 मध्ये निघाले. महसुलाचा प्रमुख आफोन्सो मेशिया याने गावांच्या चालीरीतींची एक सनद तयार करवली. पोर्तुगीज भाषेत तिला ‘फोराल’ म्हणतात. गांवकार कोण, त्यांच्यात मानाचा क्रम कसा, गावचा लेखनिक काय करतो, राजाला किती द्यायचे, भातकापणीला आधी कोणी हात घालायचा, असे तपशील तिच्यात आहेत. जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांची रीत विचारून घेतली, लिहून काढली आणि तिला कायद्याचे बळ दिले. हा पहिला ‘पूर्वीप्रमाणे’. यात उदारपणा शोधू नये, सोय होती. पण तोंडी रीत कागदावर आली की ती गोठते, आणि तसेच झाले. गांवकरीला पुढे ‘कोमुनिदाद’ हे पोर्तुगीज नाव मिळाले, तिच्यावर सरकारी देखरेख वाढत गेली, तरी चौकट राहिली. आज गोव्यात सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी आहेत आणि त्यांचा कारभार 1961 सालच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षातल्या संहितेवर चालतो.

आता ज्या बाबतीत हा शेरा मारला गेला नाही, तिकडे वळू. 1543 पर्यंत तिसवाडीला बार्देश आणि सासष्टी जोडले गेले. या तीन भागांना ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. येथे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली आणि 1560 मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन आले. मधली काही वर्षे सोडली तर ते 1812 पर्यंत होते. लोकांनी मूर्ती उचलून नदीपलीकडे, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या फोंड्यात नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश म्हार्दोळजवळ प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज आपण फोंडा तालुक्यात देवदर्शनाला जातो तेव्हा एवढ्या जवळजवळ इतकी मोठी देवस्थाने कशी, हा प्रश्न सहसा पडत नाही. ती निर्वासितांची वस्ती होती, हे त्याचे उत्तर आहे. त्या देवस्थानांच्या महाजनांची कुळे अजूनही आपले मूळ गाव नदीच्या अलीकडचे सांगतात आणि अनेक ख्रिस्ती घरांनाही आपले जुने कुलनाम व जुना वांगड ठाऊक असतो. धर्म बदलला तरी गांवकारपण गेले नाही, कारण झोणाचा हक्क वंशावर होता. एकाच गावच्या कोमुनिदादीत ख्रिस्ती आणि हिंदू गांवकार दिसतात, ते यामुळे.

1736 मध्ये धर्मन्यायासनाने काढलेले एक फर्मान वाचण्यासारखे आहे. नवख्रिस्ती घरांतून हिंदू चाली जाव्यात म्हणून त्यात लग्नातल्या ओव्या, हळद, पानसुपारी, तुळस अशा गोष्टींवर बंदी घातलेली आहे. धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे होऊनही बंदी घालावी लागत होती, म्हणजे त्या चाली चालू होत्या. राज्यकर्त्यांनी पुसण्यासाठी केलेली ही यादी आज त्या काळातल्या घरगुती जीवनाचा उत्तम पुरावा ठरली आहे. भाषेचेही असेच. 1684 मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. कोकणी गेली नाही, पण ती चर्च आणि घर यांत रोमी लिपीत राहिली, शाळेत आणि दरबारात तिला जागा मिळाली नाही. हिंदूंचे धार्मिक वाचन, कीर्तन आणि हिशेब मराठीत चालत. लिपी आणि भाषा यांची ही फाळणी पुढे तीनशे वर्षांनी राजकारणात उमटली.

अठराव्या शतकात, 1763 ते 1788 या काळात, फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. या ‘नव्या काबिजादी’. हैदर अलीने हुसकावलेल्या सोंद्याच्या राजाचा मुलूख आणि सावंतवाडीकरांचा मुलूख यांतून त्या मिळाल्या. एव्हाना पोर्तुगालची ताकद उतरली होती आणि धर्मांतराचा जोरही ओसरला होता. येथील लोकांना त्यांचा धर्म, देवळे आणि रीतीरिवाज राखण्याचे आश्वासन दिले गेले. हा दुसरा ‘पूर्वीप्रमाणे’. एका छोट्याशा प्रदेशात त्यामुळे दोन इतिहास शेजारी शेजारी राहू लागले. एका बाजूला साडेचारशे वर्षांची वसाहत, दुसऱ्या बाजूला पावणेदोनशे ते दोनशे वर्षांची. पणजीहून पेडण्याला जाताना गावांचा चेहरा बदलत जातो. क्रूस कमी होतात, तुळशीवृंदावने वाढतात. हा बदल या दोन मुदतींमधला आहे.

मग 1867 ची नागरी संहिता आली. पोर्तुगालमध्ये राजेशाही होती, पण विचार उदारमतवादी होता आणि नेपोलियनच्या संहितेचा प्रभाव युरोपभर होता. व्हिस्कोंद द सेयाब्रा यांनी तयार केलेली ही संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. नागरिक कोणत्या धर्माचा आहे हे न विचारता तिने विवाह, वारसा आणि मालमत्ता यांचे नियम घातले. तिच्यावरून आज चालणारा एक हिशेब समजून घेतला की पुष्कळ काही उलगडते. एखाद्या जोडप्याची सामाईक मालमत्ता 80 लाखांची आहे आणि त्यांना तीन मुले आहेत, असे धरू. नवरा वारला. 40 लाखांची मालमत्ता मुळातच बायकोची आहे, ती वारसा म्हणून मिळत नाही, ती तिची होतीच. उरलेल्या 40 लाखांपैकी 20 लाखांबाबत नवरा मृत्युपत्र करू शकत होता. बाकीचे 20 लाख मुलांचे राखीव आहेत आणि मुलगा-मुलगी हा भेद न करता तिघांत समान वाटले जातील. बापाची मर्जी असो वा नसो, त्यातून मुलीला वगळता येत नाही. वाटणी पटली नाही तर न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ चालते, म्हणजे मालमत्तेची यादी होते आणि एखाद्या वस्तूवर एकाहून अधिक वारसांचा डोळा असेल तर वारसांतच बोली लावली जाते.

उर्वरित भारतात हिंदू मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः मुलाइतका हक्क केंद्रीय कायद्याने 2005 मध्ये मिळाला, हे लक्षात घेतले की 1870 हे साल किती पुढचे होते ते कळते. पोर्तुगालमध्ये 1910 मध्ये प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा झाला. तोही गोव्यात आला. मात्र ही संहिता सर्वांना सारखी लागू होती, असे म्हणणाऱ्यांनी 1880 चा हुकूमनामाही वाचावा. हिंदूंच्या आग्रहाने त्यांच्या काही चालीरीती त्यात राखल्या गेल्या. पत्नीला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल झाले नाही, किंवा तीस वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसरा विवाह करण्याची मुभा त्यात आहे. प्रत्यक्षात ती आता कोणी वापरत नाही, असे सांगितले जाते, पण कागदावर ती बरीच वर्षे राहिली. ख्रिस्ती जोडप्यांसाठीही वेगळी वाट आहे. निबंधकाचा दाखला घेऊन चर्चमध्ये झालेला विवाह नोंदीत येतो, त्यांना दुसरी सही करावी लागत नाही. तेव्हा ‘समान’ या शब्दापुढे छोटे प्रश्नचिन्ह राहू द्यावे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. साडेचार शतकांची सत्ता दोन दिवसांत गेली. कायदा मात्र गेला नाही. 1962 मध्ये संसदेने गोव्याच्या प्रशासनासाठी कायदा केला आणि त्याच्या कलम 5 मध्ये, तेथे अमलात असलेले कायदे सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत चालू राहतील, असे म्हटले. हा तिसरा ‘पूर्वीप्रमाणे’, आणि हा दिल्लीचा. त्यामुळे हिंदू विवाह कायदा, हिंदू उत्तराधिकार कायदा किंवा 1937 चा शरियत कायदा या बाबतींत गोव्यात आला नाही. गंमत पुढे आहे. पोर्तुगालने 1966 मध्ये नवी नागरी संहिता केली आणि लग्नानंतर सगळीच मालमत्ता आपोआप सामाईक होण्याचा नियमही बदलला. गोवा तोपर्यंत सुटलेला होता, म्हणून ते बदल येथे आले नाहीत. ज्या देशाने हा कायदा लिहिला, तेथे तो इतिहासजमा झाला आणि ज्याने त्या देशाची सत्ता झुगारली, त्या भागात तो जिवंत राहिला. अनेक वर्षे पणजी-मडगावच्या वकिलांना तो मूळ पोर्तुगीजमध्ये किंवा खासगी भाषांतरांतून वाचावा लागे. वारसाहक्काचा भाग राज्याने 2012 मध्ये स्वतःच्या कायद्यात आणला, तो 2016 पासून अमलात आहे. निम्मा वाटा आणि राखीव वाटा ही तत्त्वे त्यातही तशीच आहेत.

केंद्रालाही या कायद्यापुढे आपले नियम वाकवावे लागले. पगार सोडून जे उत्पन्न सामाईक मालमत्तेतून येते, ते नवराबायकोत निम्मेनिम्मे धरावे, यासाठी आयकर कायद्यात 1994 मध्ये कलम 5अ घालण्यात आले. एखाद्या म्हापश्याच्या दुकानदाराच्या विवरणपत्रात बायकोच्या उत्पन्नाचा वेगळा तक्ता भरावा लागतो, तो या कलमामुळे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हा कायदा आता परकीय राहिलेला नाही, संसदेने तो चालू ठेवला म्हणून तो भारताचाच कायदा आहे, आणि गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता भारतात कोठेही असली तरी तिचा वारसा याच नियमांनी ठरेल.

अशा पार्श्वभूमीवर 16 जानेवारी 1967 चे जनमत झाले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असा प्रश्न होता. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. फरक 34,021 मतांचा. आपल्याकडे याची चर्चा बहुधा भाषेपुरती होते, कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, एवढ्यावर. पण मतदान पाहिले तर जुन्या काबिजादी प्रामुख्याने वेगळेपणाच्या बाजूने आणि उत्तरेकडील नव्या काबिजादी प्रामुख्याने विलीनीकरणाच्या बाजूने दिसतात. 1543 आणि 1788 यांमधले अंतर मतपेटीत उतरले होते. विलीनीकरणाच्या बाजूला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर होते, ज्यांचा आधार बहुजन समाज आणि कुळे होती. भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकारांना आणि कसणाऱ्या कुळांना महाराष्ट्रातल्या कूळकायद्याचे आकर्षण होते. विरोधात युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा होते. वेगळेपण जिंकले, पण हरलेल्यांची मागणी वाया गेली नाही. 1964 च्या कूळकायद्यात 1976 मध्ये दुरुस्ती होऊन कसेल त्याची जमीन झाली, 1975 मध्ये मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले. याची एक किंमत मात्र खाजनांनी मोजली. कोमुनिदादीची शेते कुळांची झाली, बांध सांभाळण्याची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली आणि जुना सामाईक खजिना मागे राहिला नाही. अनेक ठिकाणी मानशी मोडकळीस आल्या आणि खाऱ्या पाण्याने शेते पडीक पडली.

1987 मध्ये राजभाषा कायदा झाला आणि त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा राज्य झाले. कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरवली आणि मराठीचा वापर सरकारी कामात करण्याची तरतूद ठेवली. रोमी लिपीतील कोकणीला तेथे स्थान नव्हते आणि 1684 च्या हुकमानंतर जी लिपी चर्चच्या आधाराने टिकली, तिचे वाचक आजही याबद्दल नाराज आहेत.

गोंयकारपण, म्हणजे गोवेकर असणे, हे नेमके कशात आहे, यावर गोव्यात रोज वाद होतो. ‘भायले’ म्हणजे बाहेरचे आणि ‘निज गोंयकार’ म्हणजे खरे, असे शब्द निवडणुकीत सर्रास ऐकू येतात. कोणी भाषेवरून ठरवतो, कोणी आजोबांच्या जन्मगावावरून, कोणी लिस्बनच्या जन्मनोंदीवरून, कारण 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. जुन्या व्यवस्थेतही हा प्रश्न होताच. गावात राहणारा प्रत्येक जण गांवकार नव्हता. नंतर आलेला शेतकरी, सुतार, मुंडकार हे गावचे होते, पण गावाचे मालक नव्हते.

बार्देशातल्या किंवा सासष्टीतल्या एखाद्या गांवकार घरात आजही हे दोन काळ एकाच वेळी नांदत असतात. वडील गेल्यावर घर आणि भाट म्हणजे बागायत यांच्या खतावर बहिणीचे नाव भावाच्या बरोबरीने येते, 1870 पासून तसेच आहे. पण बहुतेक गावांत कोमुनिदादीच्या पुस्तकात गांवकार म्हणून नोंद होते ती फक्त भावाची, आणि ती 1526 च्याही आधीपासून तशीच होत आली आहे. झोणाची रक्कम आता बहुतेक ठिकाणी नाममात्र उरली आहे. तरीही मुलगा वयात आला की बाप त्याला घेऊन कोमुनिदादीच्या कार्यालयात जातो आणि नाव चढवून घेतो.